रानमेव्याचं व्रत

मे महिना अर्धा सरला तरी महिपतीच्या घरून करवंदं आली नाहीत, तेव्हाच वृंदाबाईंना शंका यायला हवी होती. पण त्या आपल्या कादंबरीत गळ्यापर्यंत बुडालेल्या. घरात मीठ संपलं तरी त्यांना कळलं नसतं, तिथे करवंदांची काय कथा!

वृंदाबाई पेणच्या एका शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. रामवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या आणि त्यांचे यजमान दामोदरपंत, एवढीच माणसं. मागच्या दिवाळीत पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकाने त्यांना मुलांची एक इंग्रजी कादंबरी मराठीत आणायला दिली. कादंबरी एका ओजिब्वे मुलीची. ओजिब्वे म्हणजे अमेरिका आणि कॅनडाच्या मोठमोठ्या तळ्यांकाठचे मूळचे लोक. मुलीचं नाव वाबिगवान. तिचं लहानपण, तिची आजी, तळ्यावरचा उन्हाळा, आणि मग हळूहळू तिचं मोठं होणं, असं ते पुस्तक होतं. दामोदरपंतांना ‘ओजिब्वे’ म्हणायला कधीच जमलं नाही. ते ‘तुझे ते तळ्यावरचे’ म्हणत.

पुस्तक लहान मुलांचं असलं तरी ते काही सोपं निघालं नाही. तिथल्या तळ्यांत भात आपोआप उगवतो आणि लोक होडीत बसून तो झोडतात, असं एका ठिकाणी होतं. वृंदाबाईंचा यावर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी ते महिपतीला विचारलं. महिपती म्हणजे रोह्याच्या पुढच्या गावातला भात आणि वाल पिकवणारा शेतकरी. दामोदरपंतांच्या आजोबांची जमीन त्याचे वडील कसत. कूळकायदा आल्यावर ती त्यांचीच झाली, तरी दोन्ही घरांचं जाणं-येणं राहिलं. महिपती खूप वेळ हसला. “लावणी नाय, आवणी नाय, आन् भात? मंग त्यांच्या बायकांची कंबर कशानं मोडते, वैनी?” याच भेटीत वृंदाबाईंना एक वाचक मिळाला. महिपतीची नात सुरभी सातवीत होती. तिला आई नव्हती. सुरभी चार वर्षांची असताना ती तापाने गेली. सुरभी आजीच्या, विमलबाईंच्या हाताखाली वाढत होती आणि हाती लागेल ते वाचत होती. मराठी मुलीला समजतंय का हे बघायला अशी मुलगी बरी, असं वृंदाबाईंनी ठरवलं. सुरभीचा बाप अक्षय नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा. महिन्यातून एकदा तो पेणला येई तेव्हा वृंदाबाई त्याच्याजवळ छापून घेतलेली प्रकरणं देत. अक्षर ठसठशीत, कडेला दोन पिना, वर प्रकरणाचं नाव.

डिसेंबरात वृंदाबाई नेमक्या एका प्रकरणात अडकल्या. वाबिगवानला पहिल्यांदा पाळी येते, आणि तिथल्या रीतीप्रमाणे ती वर्षभर स्ट्रॉबेरी आणि रानातली सगळी बारीक फळं सोडते. वर्षाच्या शेवटी बायका जमतात, तिला फळ देऊ करतात, ती तीनदा नको म्हणते आणि चौथ्यांदा खाते. इथवर ठीक होतं. वृंदाबाईंनी फळांना ‘रानमेवा’ केलं आणि प्रकरणाला नाव दिलं ‘रानमेव्याचं व्रत’. त्या नावावर त्या स्वतःच खूश झाल्या. पण त्याच प्रकरणात दोन पानांची एक झोपडी होती. त्या पहिल्या दिवसांत मुलगी रानाच्या कडेला एका वेगळ्या झोपडीत राहते. पुस्तक म्हणत होतं की हा मान आहे. मुलीत नवी ताकद आलेली असते, म्हणून ती वेगळी. वृंदाबाईंनी हे मराठीत लिहिलं की ते लगेच त्यांच्या लहानपणच्या कोपऱ्यातल्या चटईसारखं दिसू लागे. तीन आठवडे त्यांनी खोडाखोड केली. मान म्हणावा की शिक्षा, त्यांचं त्यांनाच कळेना. शेवटी जसं होतं तसं लिहिलं आणि अक्षयच्या हातात दिलं.

तर मे महिन्यात अक्षय आला तो पोह्यांची गोण घेऊन. करवंदांचा द्रोण नव्हता, जांभळंही नव्हती.

“यंदा लागली नाहीत का रे?” वृंदाबाईंनी विचारलं.

“लागलीत की. झाडं काळी झालीत. पण आयेनं सोडलीत ना.”

“सोडली म्हणजे?”

अक्षय जरा बुचकळ्यात पडला. “तुमचंच व्रत हाय ना, काकी? रानमेव्याचं. आयेनं धरलंय, सुरभीनं धरलंय, आळीतल्या नऊ जणींनी धरलंय. आय विचारत व्हती, उद्यापन कसं करायचं ता तुमी अजून पाठवलं नाय.”

दामोदरपंतांनी पेपर खाली केला. अक्षय चहा पिऊन जाईपर्यंत त्यांनी कसंबसं हसू दाबून धरलं. नंतर म्हणाले, “बत्तीस वर्षं शिकवलंस, एकाही पोराने घरी जाऊन त्यातलं काही केलं नाही. पहिल्यांदाच कोणीतरी एवढं मनावर घेतलंय.”

वृंदाबाईंना मात्र हसू आलं नाही. आधी त्या चिडल्या. जन्मभर वर्गात अंधश्रद्धेवर बोलल्या, आणि आता त्यांच्याच नावावर नवीन व्रत? तेही दुसऱ्या कुणाची तरी रीत उचलून! त्या लोकांना कळलं तर काय म्हणतील? मग मनात आलं, की दोष आपलाच. आपणच त्याला व्रत म्हटलं. शहरातल्या शिकल्या-सवरलेल्या बाईने छापून, पिना मारून घरी पाठवलेल्या कागदावर ‘व्रत’ लिहिलेलं असेल, तर गावातल्या बाईने ते दुसरं काय समजावं? आपल्याकडे व्रतं अशीच तर घरोघर पोचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सगळ्यांना नीट समजावून सांगायचं, असं ठरवून त्या रोह्याच्या एसटीत बसल्या. नागोठणं येईपर्यंत त्यांनी भाषणाची जुळवाजुळवही केली होती.

रोह्याला उतरून त्यांनी टमटम धरली. वरसे गाव मागे पडलं की ती एका फाट्यावर थांबते. तिथे सुरभी उभी होती. अक्षयने घरी फोन केला असणार. वर्षभरात पोरगी वीतभर वाढली होती आणि उन्हात ओढणी डोक्यावर घेऊन अगदी बाईसारखी उभी होती.

“बाई, घरी जायच्या आधी मला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “तुम्ही आजीला सांगणार ना, की ते व्रत नाही?”

“सांगणारच. तुला तर माहीत होतं ना, ते पुस्तक आहे म्हणून?”

“मला माहीत होतं.”

“मग सांगायचं नाही?”

सुरभीने चपलेने माती उकरली. मग एकदा बोलायला लागली ती थांबेचना. संक्रांतीच्या आधी तिला पहिल्यांदा पाळी आली. आजीने तिला पडवीच्या टोकाला, लाकडांच्या ढिगाजवळ पोतं घालून दिलं. चार दिवस तिथे. कशाला हात लावायचा नाही, आणि वालाला तर नाहीच. विमलबाई आणि आळीतल्या बायका मोड आलेले वाल सोलून रोह्याच्या बाजारात विकत, आणि अशा वेळचा हात लागला तर वाल नासतात, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. त्याच आठवड्यात वृंदाबाईंचं प्रकरण आलं. सुरभीने पोत्यावर बसून ते वाचलं आणि संक्रांतीची बोरं खायला नको म्हटलं. आजीने कारण विचारलं तेव्हा तिने कागद दाखवला. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचून दाखवला.

“पण झोपडीची दोन पानं मी वाचली नाहीत,” सुरभी म्हणाली. “त्याच्या जागी माझ्या मनाचं सांगितलं. बायकांनी वाबीला चुलीपाशी बसवलं आणि सगळ्यांबरोबर काम करायला लावलं, असं.”

“माझ्या मजकुरात तू फेरफार केलास?” वृंदाबाईंच्या तोंडून आधी हेच निघालं. अनुवाद करणाऱ्या बाईला दुसरं काही आधी सुचत नाही.

“हो बाई. चुकलं. पण आजी म्हणाली, ज्या व्रताची सुरुवातच त्या दिवसांनी होते त्याला त्या दिवसांचा विटाळ कसला. तेव्हापासून मी पडवीच्या टोकाला बसले नाही. आजपण माझा दुसरा दिवस आहे आणि मी सगळ्यांबरोबर वाल सोलतेय.” तिने वर पाहिलं. “तुम्ही सांगितलंत की मला परत तिकडे बसवतील.”

वृंदाबाईंनी तयार केलेलं भाषण तिथेच फाट्यावर विरून गेलं. खोटं खपवून घ्यायचं नाही, हे त्या जन्मभर मुलांना शिकवत आल्या होत्या. पण या खोट्याने एक मुलगी पोत्यावरून उठून घरात आली होती. आणि खरं सांगायचं तर त्यात ती झोपडी होती. तीच झोपडी, जी त्यांना स्वतःला तीन आठवडे उलगडली नव्हती. घर येईपर्यंत त्यांनी चार वेळा मन बदललं आणि दारात पोचल्या तेव्हा त्यांच्याजवळ एकही निर्णय शिल्लक नव्हता.

पडवीत सहा-सात बायका कोमट पाण्यातल्या वालाभोवती बसल्या होत्या. चिमटीत वाल दाबायचा, साल इकडे, दाणा तिकडे. विमलबाईंनी हात पुसून वृंदाबाईंना पाट दिला, पाणी दिलं, आणि आतून देव्हाऱ्याजवळचं एक लाल कापडाचं गाठोडं आणलं. आत वृंदाबाईंची प्रकरणं होती. पहिल्या पानावर हळदीकुंकू वाहिलेलं, ‘वाबिगवान’च्या ‘गवा’वर नेमका कुंकवाचा डाग. वृंदाबाईंना काय वाटलं ते त्यांना सांगता आलं नसतं. लाजही वाटली आणि उगाच बरंही वाटलं.

“नितेश परमनंट झाला कंपनीत,” शेजारची बाई म्हणाली. ही नितेशची आई. “जानेवारीत धरलं, मार्चात ऑर्डर आली.”

“अहो, पण त्याचा...” वृंदाबाईंनी सुरुवात केली आणि सुरभीकडे पाहिलं. सुरभी आजीशेजारी बसून खाली मान घालून सोलत होती. तिचा हात पाण्यातल्या वालात होता. वृंदाबाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

“वैनी, आज तुमच्या तोंडून ऐकायचंय,” विमलबाई म्हणाल्या. “पोर वाचते चांगलं. पण एका जागी ती दोन कागद एकदम उलटते. मला वाचता नाय येत, मोजता येतं. दर वेळेला तेच दोन. त्यांच्यात काय हाय?”

सुरभीचा हात थांबला. बाकीच्या बायकांचेही थांबले. या बाईला पहिल्यापासून माहीत होतं की काहीतरी वगळलं जातंय, आणि पाच महिने तिने विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं, हा आणखी एक प्रश्न वृंदाबाईंच्या डोक्यातल्या गोंधळात येऊन पडला.

त्यांना सहज म्हणता आलं असतं की काही नाही, तळ्याचं वर्णन आहे. कोणाला कळलं असतं? त्यांनी ती दोन पानं हातात घेतली, चष्मा लावला. तळ्याचं वर्णन त्यांच्या जिभेवरही आलं. पण समोर ती म्हातारी टक लावून बघत होती, आणि जिला वाचता येत नाही तिच्याशी कागद हातात धरून खोटं बोलायचं, हे वृंदाबाईंच्याने होईना. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या वाक्यालाच त्यांना पश्चात्ताप झाला.

रानाच्या कडेला आजीने झाडाच्या सालीची छोटी झोपडी बांधली. वाबिगवान त्या झोपडीत गेली. गावातली माणसं तिकडे फिरकली नाहीत. आजी मात्र सकाळी आली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. तिचे केस विंचरले. म्हणाली, तुझ्यात नवी ताकद आली आहे, ती सांभाळायला तू शिकेपर्यंत मी इथेच आहे. आजी दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही आली, चौथ्याही. दोघींनी मिळून टोपली विणली. वृंदाबाईंनी दोन्ही पानं वाचून संपवली आणि चष्मा काढला.

“म्हंजे त्यांच्यातबी बाजूला बसवतात,” नितेशची आई म्हणाली. तिच्या आवाजात सुटकाच होती. “बघा. मंग आपलंच काय चुकीचं व्हतं?” आणि तिने सुरभीच्या हाताकडे पाहिलं.

सुरभीने हात पाण्यातून काढला, ओढणीला पुसला आणि उठली. तिने वृंदाबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. पडवीच्या टोकाला, लाकडांच्या ढिगाजवळ जाऊन ती जमिनीवर बसली. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं, आणि हेच वृंदाबाईंना सगळ्यात जास्त लागलं. आपण या पोरीचं घर मोडलं, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. कशासाठी? दोन पानांच्या खरेपणासाठी?

“विमलबाई, त्यांच्याकडे त्याचा अर्थ वेगळा आहे,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “तो विटाळ नव्हे. तिथे तो मान असतो. म्हणजे, तसं पुस्तकात आहे. मलाही ते पुरतं...” आणि त्या अडखळल्या, कारण खरोखरच त्यांना ते पुरतं कळलेलं नव्हतं.

विमलबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. “ती म्हातारी आत जाऊन बसली?” त्यांनी विचारलं. “पोरीला लागून?”

“हो. खांद्याला खांदा लावून, असं आहे.”

“चारी दिवस?”

“चारी दिवस.”

“तिला कोण काय बोललं नाय?”

वृंदाबाईंनी कागद पुन्हा चाळला, जणू तिथे काहीतरी सापडेल. “नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही.”

विमलबाई पाण्यातल्या वालाकडे बघत राहिल्या. मग कोणाला उद्देशून नाही असं बोलल्या, “मी अकरा वरसांची व्हते. गोठ्याच्या कडेला बसवली. आयेनं भाकर लांबून सरकवली न गेली. मला वाटलं, मी मरतेय म्हणून ती जवळ येत नाय. चार दिवस मी म्हशीला टेकून निजले. तिचं अंग गरम व्हतं म्हणून.” त्यांनी नाक पुसलं. “आयेला कोण काय बोललं असतं, कुणाला ठाव.”

नितेशच्या आईने परातीतले आपल्या वाटणीचे सोललेले वाल वेगळे काढले.

विमलबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. वालाचं पातेलं भरलेलं होतं, ते त्यांना एकटीला उचलेना. मदतीला कोणी उठलं नाही, आणि वृंदाबाईंना आपण उठावं की नको हेच समजेना. मग विमलबाईंनी ते जमिनीवरूनच ढकलत नेलं, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी हिंदकळलं, थोडं सांडलं. सोललेल्या वालांची परातही त्यांनी तशीच ओढून नेली. मग त्या सुरभीला लागून खाली बसल्या. पोरीने अंग चोरलं तशा आणखी सरकल्या.

“आजी, शिवशील,” सुरभी हळूच म्हणाली.

“शिवले.”

नितेशच्या आईने वेगळे काढलेले वाल पदरात घेतले, वृंदाबाईंकडे बघून मान हलवली आणि पायऱ्या उतरून गेली. तिच्या मागोमाग आणखी एक गेली. उरलेल्या तिघी-चौघी रिकाम्या हाताने तशाच बसून राहिल्या, कारण काम पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं आणि तिकडे जायचं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. वृंदाबाई मांडीवर ती दोन पानं घेऊन बसल्या होत्या. म्हातारीने झोपडी मोडली होती की नवी बांधली होती, हे त्यांना अजूनही सांगता आलं नसतं.

विमलबाईंनी सुरभीचं मनगट धरलं आणि तिचा हात पातेल्यात बुडवला. “सोल. उद्या बाजार हाय.”

सुरभीने पहिला वाल चिमटीत धरला तो मधोमध तुटला. दुसरा अख्खा निघाला. तो हातात धरून ती आजीकडे बघत राहिली. आजीने तो तिच्या हातातून घेतला आणि विकायच्या परातीत टाकला.